इरकल म्हणजे कोणता पदर?

इरकल लुगड्याचा पदर अंगाला शिवलेला नसतो, आणि अंगाच्याच सुतावर पुढे विणत नेलेलाही नसतो. तो जोडलेला असतो, आणि हा जोड कापडाला कापडाचा नसून सुताला सुताचा असतो. अंगाचा ताणा, म्हणजे उभे सूत, वेगळा तयार होतो. तो बहुधा सुती. काठांचा ताणा वेगळा आणि पदराचा आणखी वेगळा. हे दोन्ही रेशमी, किंवा हलक्या प्रतीत कृत्रिम रेशमाचे, आणि दोन्ही बहुधा एकाच रंगाचे. अंगाच्या ताण्याची फासवजा टोके आणि पदराच्या ताण्याची टोके एकमेकांत अडकवून एकेक जोडली जातात. या जोडकामाला इळकल गावचे विणकर टोपे तेनी म्हणतात; आपल्याकडच्या दुकानांत त्याचेच टोपतेनी किंवा टोपपदर झाले. काठ आणि अंग आडव्या अंगाने सांधण्यासाठी एकाऐवजी तीन धोटे चालवतात, त्या पद्धतीला कोंडी म्हणतात. सोळा ते सत्तावीस इंचांच्या या पदरात लाल रेशमाचे तीन पट्टे आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्याचे दोन, आणि पांढऱ्या दातऱ्यांच्या आकृत्या: कुठे फणी, कुठे किल्ल्याचा तट, कुठे जोंधळ्याचे कणीस.

हे सगळे इतक्या बारकाईने सांगण्याचे कारण त्या लाल रंगात आहे. कापडाचा रंग हा उभ्या आणि आडव्या अशा दोन सुतांचा मिळून असतो. अंगाचा ताणा काळा किंवा गर्द निळा असेल आणि पदरासाठी त्याच ताण्यावर लाल बाणा, म्हणजे आडवे सूत, घातला, तर येणारा लाल मळकट येतो, कारण प्रत्येक लाल धाग्याखालून आणि वरून काळा धागा जात असतो. इरकलच्या पदराचा लाल कुंकवासारखा भरीव दिसतो, कारण तिथे उभे सूतही लाल आणि आडवेही लाल. त्या एका शुद्ध रंगासाठी विणकर प्रत्येक लुगड्याचा ताणा स्वतंत्र बांधतो. शंभर लुगड्यांचा एकच लांबलचक ताणा मागावर चढवून सलग विणत जाण्याची सोय इथे नाही. यंत्रमागाचे सारे अर्थकारण मात्र त्याच सलग ताण्यावर उभे असते. म्हणून इरकलची यंत्रमागावरची नक्कल काठ उचलते, चौकडे उचलते, पट्टे उचलते, आणि पदरापाशी अडते. मग ती पदर छापते, किंवा अंगाच्याच ताण्यावर लाल बाणा ओढते. तरी दुकानात तिचे नाव इरकलच असते.

मुद्दा इथूनच सुरू होतो. कापडाची जुनी मराठी नावे आपण वर्णनाचे शब्द म्हणून वाचतो, जणू ती सौंदर्याची विशेषणे आहेत. प्रत्यक्षात त्यांतली बरीच नावे कृतीची आहेत. वस्तू कशी केली, किती सुतांत केली, कुठला रंग कशाने दिला, कोणत्या मापाने आणि कशासाठी केली, हे त्या शब्दांत साठवलेले असते. कृती गळाली आणि नाव तेवढे उरले, की ज्याच्या हातात ती कृती आहे त्याचा बाजारातला एकमेव पुरावा जातो.

पैठणीकडे पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. पैठण आणि येवल्याच्या मागांवर कडियल आणि एकधोटी असे दोन शब्द आहेत. कडियल पैठणीत काठाचा ताणा आणि बाणा एकाच रंगाचा आणि अंगाचे सूत वेगळे. म्हणजे तीन धोटे, आणि काठ-अंगाच्या सांध्यावर प्रत्येक फेरीला सुतांची गुंतवण. इरकलच्या कोंडीचे आणि पैठणीच्या कडियलचे हे नाते वस्त्रांच्या दिसण्यावरून कधीच लक्षात येणार नाही, शब्दांवरून मात्र येते. एकधोटीत एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो, त्यामुळे ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा राहतो, आणि कापडावर धूपछाव खेळते. पैठणीच्या रंगांची काही नावे अशा मेळाची आहेत. मिरानी म्हणजे काळा-लाल, गुजरी म्हणजे काळा-पांढरा, पासिला म्हणजे लाल, गुलाबी आणि हिरवा यांचा मेळ. इतर नावे अंगाच्या एका रंगाची: कालीचंद्रकला म्हणजे लाल काठाची काळी पैठणी, शिरोडक म्हणजे शुभ्र, राघू म्हणजे पोपटी. छापील कापडाला यातले जोडीचे एकही नाव खऱ्या अर्थाने देता येत नाही, कारण तिथे जोडी नसते, फक्त वरून लावलेला थर असतो. पैठणीच्या पदरावरचे मोर, कमळ, असावली हे वेगळी नक्षी-सुते मागे लोंबकळत ठेवून काढलेले नसतात. रंगीत सुते एकमेकांत अडकवून ते ताण्याबरोबरच विणले जातात. म्हणून अस्सल पैठणी उलटी केली तरी मागून जवळजवळ तेवढीच नेटकी दिसते. जाणती बाई दुकानात पदर उलटा करून पाहते तो यासाठी.

रंगांच्या शब्दांची कथा अधिक हळहळ लावणारी आहे. कुसुंबी हा आज कवितेतला शब्द वाटतो. तो करडईच्या फुलाचा आहे. या एकाच फुलात दोन रंग असतात. पिवळा पाण्यात विरघळतो आणि धुऊन टाकावा लागतो. तो निघून गेल्यावर उरलेल्या पाकळ्यांतून क्षाराच्या पाण्यात लाल सोडवायचा आणि मग आंबट घालून तो सुतावर बसवायचा. हा रंग देखणा, पण कच्चा. ऊन आणि धुणे त्याला सोसत नाही. आल या झाडाच्या मुळांचा लाल त्याच्या उलट: हिरडा आणि तुरटी यांच्या आधाराने तो सुतात रुतून बसतो आणि कापड विरले तरी जात नाही. निळीचे तंत्र तिसरेच. ती पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिचे पीप आंबवावे लागते. त्यातून सूत काढले की ते हिरवट-पिवळे दिसते आणि हवेला लागता लागता डोळ्यांदेखत निळे होते. या एकेका रंगामागे एकेक समाज होता. निळीचे काम करणारे नीलारी आणि निराळी, रंगाईचे आणि छपाईचे काम करणारे रंगारी आणि भावसार. महाराष्ट्रात ही आडनावे आणि जातनावे आजही आहेत. १८६८ मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लिबरमान या रसायनज्ञांनी मंजिष्ठेच्या कुळातल्या एका मुळाचा लाल प्रयोगशाळेत घडवला, १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि या सर्वांच्या पिंपांखालचा विस्तव विझला. कुसुंबी शब्द मात्र टिकला. तो आता एका छटेचे नाव आहे. पूर्वी त्यात हेही ऐकू येई की हा रंग जपून वापरा, तो पाण्यात जाईल.

वापराचे शब्दही असेच कामाचे होते. लुगडे आणि पातळ यांत आज फरक करत नाहीत, पण पातळ हा शब्दच सुताच्या बारीकपणाचा आहे, आणि लुगड्याच्या मागे वाराचा आकडा लावायची पद्धत होती, कारण कासोटा घालून नेसायला नऊ वार लागत आणि शेतात, दळण-कांडणात ते नेसणे पाय मोकळे ठेवी. लुगडे बसण्याच्या जागी आधी विरे. मग विरलेला मधला भाग कापून टाकायचा आणि धड राहिलेली दोन टोके शिवून घ्यायची. त्याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे हे गरिबीचे चिन्ह होते, तसेच ते कापडाच्या हिशेबाचेही होते, आणि शेवटी तेच लुगडे वाकळीत किंवा गोधडीत जाई. खण हा तर मुळातच मापाचा शब्द: एका चोळीपुरते कापड, त्रिकोणी घडी घालून, नारळासोबत ओटीत घालायचे. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या मागांवर त्या मापाला शोभेल असे काठ आणि अशी नक्षी बसवली गेली. त्या नक्ष्यांची नावेही तिथलीच: तेरु म्हणजे रथ, आणे हेज्जे म्हणजे हत्तीचे पाऊल, सूर्यनारायण. आज खणाची साडी, खणाचा कुर्ता, खणाची पिशवी मिळते. खणाला नवे आयुष्य मिळाले याचा आनंदच आहे. पण त्यातले बरेचसे कापड पॉलिएस्टरचे आणि यंत्रमागाचे असते, आणि गुळेदगुड्डच्या विणकराला त्याच्याच शब्दातून काही मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की शब्द फिरतच असतात, त्यांना बांधून ठेवणे भाषेच्या स्वभावाविरुद्ध आहे. खरे आहे, आणि मुंबईनेच याचे उत्तम उदाहरण दिले आहे. इंग्रजीतल्या डंगरी या शब्दाचा माग कोशकार मुंबईच्या डोंगरीशी लावतात. तिथल्या जाडेभरड्या सुती कापडाचे ते नाव होते. नंतर त्या कापडाच्या विजारींना तेच नाव पडले, आणि आज जगभरातल्या लहान मुलांच्या अंगावर डंगरी असते. इळकल या गावाचे नावही मराठीच्या ओठांवर येताना इरकल झालेच की. हे गाव १९५६ पर्यंत मुंबई राज्याच्या विजापूर जिल्ह्यात होते, आज ते कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात आहे; सीमा बदलली, तरी सोलापूर, सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या बायकांनी त्याचे लुगडे सोडले नाही. हा प्रवास कुणी थांबवू नये, थांबवता येणारही नाही. पण या दोन प्रवासांत फरक आहे. इरकल हा उच्चार बदलला तेव्हा वस्तू तीच होती. डंगरीत वस्तू गेली आणि शब्द दुसऱ्याच वस्तूवर बसला. आज इरकल आणि खण हे शब्द डंगरीच्या वाटेला लागले आहेत, आणि फरक इतकाच की डोंगरीच्या कापडाचे विणकर आता कुणी शोधू शकत नाही, इळकलचे विणकर मात्र आजही मागावर बसलेले आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. हातमागाचे लुगडे कष्टकरी बाईला परवडत नाही. यंत्रमागाने आणि छपाईने तिला तोच काठ, तेच चौकडे स्वस्तात दिले. हे मोल नाकारणे अन्यायाचे होईल. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी या गावांतही विणकरच राबतात आणि त्यांच्या कापडाला कमी लेखण्याचे कारण नाही. मागणे एवढेच आहे की त्या कापडाला त्याचे स्वतःचे नाव असावे. यंत्रमागाचे पातळ म्हणून ते विकले तर त्यात कमीपणा कसला? स्वस्त वस्तू घेणारी बाई स्वस्त म्हणून ती जाणूनबुजून घेते. तीच वस्तू महागड्या नावाने विकली, तर फसवणूक तिची होते आणि विणकराचीही.

तिसरा आक्षेप या सगळ्या परिभाषेच्या नैतिकतेवर आहे. लाल आलवण हाही वस्त्राचाच शब्द होता. केशवपन केलेल्या विधवेच्या अंगावर तो लादला गेला. सोवळ्याचा मुकटा आणि धाबळी या शब्दांत शिवाशिव विणलेली आहे. बारीक सूत कुणी नेसायचे आणि जाडेभरडे कुणी, हे जातीने ठरत होते. अशा शब्दकोशाचा जिव्हाळा कशाला? उत्तर असे की शब्द नोंदवणे म्हणजे ती प्रथा परत आणणे नव्हे. आलवण हा शब्द विसरला, तर त्या बाईवर काय झाले हे सांगणारा साक्षीदारच उठून जातो.

राहिला कायद्याचा प्रश्न. १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा काही वस्तू केवळ हातमागासाठी राखून ठेवतो. सुरुवातीला बावीस, नंतर अकरा. १९९९ चा भौगोलिक मानांकनाचा कायदा २००३ पासून लागू आहे, आणि इरकल व पैठणी या दोन्ही नावांना मानांकन मिळालेले आहे. सिल्क मार्क २००४ चा, हँडलूम मार्क २००६ चा. हे सगळे आवश्यक आहे, पण कायद्याची गंमत अशी की तो शब्दांवरच उभा असतो. वस्तू कोणती, हे कुठल्या तरी शब्दात सांगितल्याशिवाय तिचे रक्षण होत नाही, आणि तपासनीस दुकानात आला तर तोही नाव आणि कृती यांचा मेळ घालूनच निवाडा करणार. ग्राहकाला टोपतेनी म्हणजे काय हे ठाऊक नसेल आणि विक्रेत्याने सांगायचे सोडले असेल, तर मानांकनाचा कागद कपाटातच राहतो. तक्रार करायला आधी काय हरवले ते ओळखता आले पाहिजे.

म्हणून वाचकांना, विशेषतः घरात जुनी लुगडी असलेल्यांना, एक विनंती. कपाटातले इरकल काढा, पदर अंगाला जिथे मिळतो तिथे बोट फिरवा; फासांची बारीक ओळ हाताला लागली, तर ते टोपतेनीचे आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला त्या काठाचे नाव, त्या रंगाचे नाव विचारा आणि तिच्या शब्दांत लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी इरकल, खण किंवा पैठणी घ्याल, तेव्हा दुकानदाराकडून बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: सूत कोणते, माग कोणता, आणि इरकल असेल तर पदर जोडलेला आहे की नाही.