मुलाच्या नावाने देणगी: भेट कुणाची, पावती कुणाची?

दिवाळीच्या तोंडावर मराठी घरांत हल्ली एक प्रस्ताव हमखास निघतो: यंदा मुलांना नवे खेळ नकोत, तेवढे पैसे त्यांच्या नावाने एखाद्या संस्थेला देऊ. आजोबांना ही परदेशी थेरं वाटतात, बाबांना करसवलत आठवते, आईच्या डोळ्यांसमोर आश्रमातल्या वाढदिवसाचा फोटो येतो. ज्याची दिवाळी, त्याला मात्र कुणी विचारत नाही. कल्पना चांगलीच आहे, पण तिच्याभोवती बरेच गैरसमज साचले आहेत.

आजोबांपासून सुरुवात करू. मुलाच्या निमित्ताने दान करणं आपल्याकडे नवं नाही. नवस फेडताना मुलाच्या वजनाइतका गूळ किंवा साखर वाटणारी घरं आजही आहेत. रमजान ईदच्या नमाजाआधी कुटुंबप्रमुख घरातल्या प्रत्येकामागे फित्रा देतो, तान्ह्या बाळामागेसुद्धा. परदेशातून आलं आहे ते फक्त कॅटलॉग. शेळीचं चित्र असलेलं कार्ड नाताळात मुलाच्या हाती द्यायचं आणि तिकडे कुठल्याशा गरीब कुटुंबाला शेळी मिळायची, ही पद्धत अमेरिकेतल्या हायफर इंटरनॅशनल या संस्थेमुळे बरीच लोकप्रिय झाली. तिचा संस्थापक डॅन वेस्ट हा शेतकरी स्पेनच्या यादवी युद्धात मदतकार्य करत होता. भुकेल्या मुलांना मोजून मापून दूध वाटताना त्याला वाटलं, कपभर दुधापेक्षा यांना गायच का देऊ नये? १९४४ मध्ये पहिल्या १७ कालवडी पोर्टो रिकोला रवाना झाल्या. अट एकच होती: गाईला झालेली पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची. म्हणजे घेणाराही देणारा व्हायचा. मला या साऱ्या प्रकारात हीच गोष्ट सर्वांत हुशारीची वाटते, आणि कार्डावरच्या चित्रात नेमकी तीच दिसत नाही.

कार्डावरची शेळी खरोखर आपल्या नावाने कुणाच्या तरी गोठ्यात बांधली जाते, हा पुढचा समज. बहुतेक संस्थांच्या कॅटलॉगमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की चित्र प्रातिनिधिक आहे आणि पैसे संस्थेच्या एकूण कामासाठी वापरले जातील. ही लबाडी नाही. शेळी घेतली की लस आली, चारा आला, शिकवणारा माणूस आला, आणि ज्या गावाला शेळीपेक्षा पाण्याची टाकी हवी तिथे शेळी पाठवून उपयोगही नाही. आपल्याकडच्या ‘एका मुलाचा वर्षाचा शैक्षणिक खर्च’ या योजनाही पुष्कळदा अशाच एकत्रित निधीतून चालतात. संस्थेला आधीच विचारावं आणि मुलाला खरं ते सांगावं. सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘आपले पैसे सगळ्यांच्या पैशांत मिसळले’ हे सहज कळतं. ‘तुझी शेळी’ म्हणून सांगाल, तर ते पुढच्या आठवड्यात तिचं नाव विचारेल.

आता मुलाकडे वळू. ‘लहान मुलांना देण्यातलं काय कळतं, ती हिरमुसतात’ असं म्हटलं जातं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वेगळं सांगतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खाऊ दिला आणि मग तो एका बाहुल्याला द्यायला सांगितलं. खाऊ मिळाला तेव्हापेक्षा देताना मुलांचे चेहरे जास्त खुललेले दिसले. त्यातही प्रयोग घेणाऱ्याने पुढे केलेला खाऊ देण्यापेक्षा स्वतःच्या वाट्याचा देताना आनंद अधिक होता. प्रयोग छोटा होता, त्यावरून मोठे सिद्धान्त मांडू नयेत. पण ‘स्वतःच्या वाट्याचा’ या शब्दांवर पालकांनी जरूर थांबावं. मुलाने आधी हातात घेतलं, मग दिलं. आपण घरी नेमकं उलटं करतो: खेळणं परस्पर रद्द, देणगी परस्पर जमा, आणि मुलाच्या हाती कौतुकाचं सर्टिफिकेट. ही मुलाला दिलेली भेट नव्हे, मुलाच्या खर्चाने आई-बाबांनी स्वतःला दिलेली शाबासकी आहे. खेळणं छोटं का होईना, असू द्या. सोबत पाचशे रुपये आणि दोन-तीन संस्थांची माहिती त्याच्यासमोर ठेवा आणि निवड त्याला करू द्या. त्याने भटक्या कुत्र्यांची संस्था निवडली, तर नाक मुरडू नका.

बाबांचा हिशेब थोडक्यात. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत म्हणजे निम्मे पैसे परत, असं अनेकांना वाटतं. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीची निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. हजार रुपये दिले तर वजावट पाचशेची; २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकर सोडून शंभर रुपये वाचतात. नव्या करप्रणालीत तेही नाहीत. दोन हजारांच्या वर रोख दिलेली देणगी आणि वस्तुरूपात दिलेली मदत यांना ही वजावट नाही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी म्हणजे आपोआप ८०जी, असंही नसतं; त्याची मान्यता आयकर विभाग स्वतंत्रपणे देतो. आणि पावती मुलाच्या नावाने घेतली तर बाबांना वजावट मागता येत नाही. सवलत हवी असेल तर पावती स्वतःच्या पॅनवर घ्या, मुलाला संस्थेकडून एक पत्र मागा.

राहिला आईचा फोटो. बालगृहात जाऊन केक कापायचा, तिथल्या मुलांसोबत फोटो काढायचा आणि संध्याकाळी तो समाजमाध्यमांवर टाकायचा, यात कुणाला काही गैर वाटत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या मुलाच्या वाढदिवसाला दुसऱ्याच्या मुलाने टाळ्या वाजवायला उभं राहावं, हे मला कधी पटलेलं नाही.

‘वस्तू दिली की बरं, पैसे खाल्ले जातात’ हाही जुना समज. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली ‘गूंज’ वापरलेले कपडेच गोळा करते, पण ते निवडणं, दुरुस्त करणं, गठ्ठे बांधणं, पोचवणं या सगळ्याला पैसे लागतात. चाक तुटलेली गाडी आणि तुकडे हरवलेलं कोडं संस्थेच्या दारात ठेवून येणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याकडून उचलून घेणं.

दिवाळीत फराळाची पाकिटं आणि मिठाई अनेक संस्थांकडे गरजेपेक्षा जास्त येते. वह्या, दप्तरं, फी यांची ओढाताण होते जूनमध्ये, शाळा सुरू होताना. म्हणून आधी फोन करा, काय हवं आणि कधी हवं ते विचारा. आणि तो फोन शक्यतो मुलालाच करू द्या.