आधी पत्रा कापा

नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगावपाशी मी मोबाईल आपणहून बंद करतो. जवळच खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे : ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. आकाशातला संदेश इतका क्षीण, की पहिला अ‍ॅम्प्लिफायर तबकडीच्या नाभीपाशीच बसवतात. संदेश केबलमध्ये आधीच विरला, तर पुढे कितीही वाढवा, खरखरही तितकीच वाढते.

आम्हा हौशी रेडिओवाल्यांनाही हाच नियम. शिवाय आउटपुट इनपुटकडे झिरपलं, की अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच ट्रान्समीटर बनतो! म्हणून ग्राउंडच्या वायरी आखूड, सप्लायच्या पिनेला चिकटून सिरॅमिक कपॅसिटर, दोन टप्प्यांमध्ये पत्र्याचा पडदा. गेन थोडा घटला तरी बेहत्तर. महागडा ट्रान्झिस्टर नंतर आणा. आधी पत्रा कापा.