सुट्या धनुष्याची पारख

रिकर्व्ह धनुष्य पाहावयास निघालेला मनुष्य बहुधा "ओढ किती पौंडांची?" असा पहिला प्रश्न करतो, माझ्या मते तो तिसरा असावा. ज्या धनुष्याची मधली मूठ आणि दोन पाती सुटी होतात, त्याचे सारे इमान त्या दोन सांध्यांत असते, आणि सांधाच खोटा निघाला तर 45 पौंडांची ओढ कवडीमोलाची ठरते.

पार्श्वभूमी थोडक्यात आटोपतो. अमेरिकेत सॅक्स्टन पोप यांच्या 1923 मधील ग्रंथाने धनुष्यबाणाने करावयाच्या शिकारीचा छंद रुजविला. पुढे फ्रेड बेअर यांच्या कारखान्याने सुटी धनुष्ये लोकप्रिय केली. आपल्या मुलखात मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस मनाई केली, आणि ती सर्वथा योग्यच होय. त्याच वर्षी म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये धनुर्विद्या 1920 नंतर प्रथमच परतली. म्हणून आमच्या देवळाली प्रवऱ्यात उसाच्या बांधावर उभे राहून गवताच्या लक्ष्यावर नेम धरणे एवढेच या शिकारी धनुष्याचे काम, आणि तेवढ्यासाठीही पारख नीट व्हावीच लागते.

तर सांधा. पाते मुठीच्या खाचेत हाताने बसवावे. बोल्ट आवळण्यापूर्वीच ते न डगमगता स्थिर बसले पाहिजे. मग स्ट्रिंगरच्या साहाय्याने प्रत्यंचा चढवावी, पायात अडकवून कदापि नाही, कारण त्याने पाते पिळवटते. धनुष्य समोर उभे धरून एक डोळा मिटून पाहावे: प्रत्यंचेने वरचे टोक, दोन्ही बोल्ट, मुठीचा मध्य आणि खालचे टोक यांचे बरोबर दोन भाग केले पाहिजेत. ती केसभर जरी कडेला सरकली, तरी प्रथम सांधा उघडून खाचेतील मातीचा कण पुसावा. इतक्यावरही कसूर राहिल्यास पाते वाकडे आहे असे समजून विक्रेत्यास परत करावे. पुढे गुण्या लावून प्रत्यंचेपासून दोन्ही पात्यांच्या मुळांपर्यंतचे अंतर मोजावे. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली ठेवून ओढणाऱ्यास वरचे अंतर खालच्यापेक्षा सुमारे 3 ते 6 मिलिमीटर अधिक असलेले बहुधा मानवते. या एका मापावर मी संध्याकाळच्या संध्याकाळ घालवीत आलो आहे, आणि त्यात मला अजूनही अपार आनंद वाटतो.

मग ओढ. पात्यावर लिहिलेले पौंड 28 इंचांच्या ओढीस धरलेले असतात. ज्याची ओढ 26 इंच, त्याच्या हाती ते धनुष्य चार ते सहा पौंडांनी हलकेच येते. शेवटच्या दोन इंचांत वजन एकाएकी चढत असेल, तर पाती आखूड आहेत अथवा घडण सदोष आहे. बाण दर पौंडास आठ ते दहा ग्रेनचा असावा. म्हणजे 45 पौंडांच्या धनुष्यास साधारण 26 ग्रॅमचा. त्याहून फार हलका बाण पात्यांवर अकारण आघात करतो, आणि रिकामी प्रत्यंचा सोडणे तर त्याहूनही घातक.

नंदुरबारच्या धडगाव भागात होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारात भिल्लांचा तिरकमठा मी जवळून पाहिला. धनुष्य बांबूचे, आणि प्रत्यंचाही दोऱ्याची नसून बांबूच्याच चिरफळीची! बोटाने छेडली तर ती खणखणत नाही, कोरडी टणत्कारते. आजच्या उत्तम पात्यांच्या गाभ्यातही फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बांबूच्या पट्ट्या घातलेल्या आढळतात. सातपुड्यातील कारागिराची निवड आधुनिक कारखान्यांनीही कबूल केली आहे, असे मला तो दिवस आठवला की मनापासून वाटते.

आमच्याकडचा मे महिना मात्र या पात्यांचा वैरी. पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद मोटारीत ठेवलेल्या धनुष्यातील थरांचा डिंक सुटतो, आणि कडेला नखाने चाचपल्यावर बारीक भेग लागते. म्हणून पाती सुटी करून, कापडात गुंडाळून, आतल्या खोलीत आडवी ठेवावीत. पुन्हा जोडताना वरचे खाली होऊ देऊ नये. वजन आणि लांबीची नोंद बहुतेक कारखाने खालच्या पात्यावर करतात, तीच खूण प्रथम शोधावी.