केशारोपण : आड आणि पोहरा

केस विरळ होऊ लागले की पुरुष प्रथम तेलाला दोष देतो, मग पाण्याला आणि अखेर नशिबाला. वस्तुतः पुरुषांना सामान्यतः पडणाऱ्या टकलाचे मूळ आनुवंशिकतेत आणि शरीरातील पौरुष-अंतःस्रावात असते. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये दाखवून दिले, की वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले अशांना टक्कल पडत नाही. मात्र तोच अंतःस्राव बाहेरून दिला असता, ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस गळू लागतात. या अंतःस्रावाच्या प्रभावाने माथ्यावरील केसांची मुळे वर्षानुवर्षे खुरटत जातात.

परंतु पुरते टक्कल पडलेल्या माणसाच्याही डोक्यामागे आणि कानांच्या वर केसांची एक झालर शिल्लक राहते. तेथील मुळांवर हा परिणाम सहसा होत नाही. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५२ मध्ये या झालरीतील त्वचेचे लहान तुकडे टकलावर बसविले आणि १९५९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्थलांतरित केस नव्या जागीही जुन्याच स्वभावाने वाढत राहिले. तरव्यातले रोप खाचरात लावले म्हणून त्याची जात बदलत नाही, तसाच हा प्रकार. जपानमध्ये शोजी ओकुडा यांनी १९३९ मध्येच भाजल्याच्या व्रणांवर असे रोपण केले होते. परंतु युद्धाच्या धामधुमीत ते पाश्चात्त्य जगापर्यंत पोहोचले नाही.

आरंभीचे तुकडे सुमारे चार मिलिमीटर व्यासाचे असत. त्यामुळे डोके बाहुलीसारखे, ठिकठिकाणी झुबके लावल्यासारखे दिसे. पुढे ध्यानात आले, की केस निसर्गतःच एक ते चारच्या पुंजक्यांनी उगवतात. १९९० नंतरच्या दशकात हे पुंजके सुटे करून लावण्याची पद्धत रूढ झाली. आज ते मिळविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात डोक्यामागील त्वचेची अरुंद पट्टी कापून जखम शिवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पुंजके वेगळे करतात. मागे एक रेघेसारखा व्रण राहतो. दुसऱ्यात एक मिलिमीटरच्या आसपास व्यासाच्या नळीसारख्या पात्याने एकेक पुंजका काढतात. लांब व्रण टळतो, पण बारीक ठिपके उरतात. दोन्ही शस्त्रक्रिया सामान्यतः जागा बधिर करून होतात आणि कित्येक तास चालतात. लावलेले केस काही आठवड्यांत गळून पडतात. मुळे मात्र जिवंत असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस येऊ लागतात आणि खरा परिणाम दिसावयास वर्ष तरी लागते.

या साऱ्यात एक गोष्ट विसरता येत नाही. शस्त्रक्रिया नवा केस निर्माण करीत नाही. असलेला केस एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? काढलेला पुंजका मागे पुन्हा उगवत नाही. हाव धरून अधिक काढले, तर मागचा भाग कसर लागल्यासारखा दिसू लागतो. विशीतील तरुणाने हट्टाने कपाळावर दाट रेषा लावून घेतली आणि पुढे तिच्यामागचे मूळचे केस गळाले, तर ती रेषा बेटासारखी एकटी उरते आणि ती पोकळी भरावयास भांडवल शिल्लक नसते. म्हणून जाणता चिकित्सक आधी टकलाची गती पाहतो, उरलेले केस टिकविण्यासाठी मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टराइड यांसारखी औषधे, त्यांचे दुष्परिणाम समजावून, सुचवितो आणि प्रसंगी शस्त्रक्रियेला नकारही देतो.

शस्त्रक्रिया कोण करतो, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांची जोखीम येथेही असतेच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले, की कार्यशाळा किंवा चित्रफिती पाहून मिळविलेले ज्ञान या कामास पुरेसे नाही. त्यासाठी रीतसर शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण हवे. जाहिरातीतील आधीचे आणि नंतरचे छायाचित्र पाहण्यापूर्वी हातात पाते धरणाऱ्याची पात्रता विचारावी. टक्कल हा जीवघेणा रोग नव्हे. त्याच्या उपायात जीव धोक्यात घालण्याचे काहीच कारण नाही.