मैदान कोणाचे?

‘एबीयू रोबोकॉन’ ही आशिया-पॅसिफिकमधील विद्यार्थ्यांची यंत्रमानव स्पर्धा २००८ साली पुण्यात झाली, तेव्हा तिचा विषय आपल्या दहीहंडीवर बेतलेला होता. २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यातच भरली. तिथे पोहोचण्यासाठी आधी देशपातळीवरची रोबोकॉन जिंकावी लागते.

तिचे नियम वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. वजन, आकार, विजेचा आणि हवेचा दाब, सगळ्याला मर्यादा आहे, रुपयांना नाही. तपासनीसाकडे वजनकाटा असतो, पण खर्च मोजायचा कशाने? प्रायोजकाने फुकट दिलेली मोटर कितीची धरायची? कॉलेजच्या सीएनसी मशीनचे भाडे कोण लावणार?

अमेरिकेतल्या ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’ने प्रयत्न करून पाहिला. सुट्या भागाच्या किमतीला मर्यादा घातली आणि सुमारे सहा आठवड्यांनी यंत्र पिशवीत सीलबंद करायला लावले. वेळ तरी सर्वांना सारखा मिळावा, हा हेतू. पण ऐपतदार संघ हुबेहूब दुसरे यंत्र बांधून त्यावर सराव करीत. गरिबाचे एकुलते एक यंत्र पिशवीत. २०२० च्या हंगामापासून सीलबंदीच रद्द झाली.

म्हणजे पैशाने विकत मिळते ते मुख्यतः सरावाचे तास. आपल्या खान्देशात साहित्याची अडचण तशी कमी. जळगाव हे पीव्हीसी पाइपांचे आणि चटयांचे गाव, लेथवाले हाताशी, मोटर मुंबईहून कुरिअरने येते. अडते ते मैदानापाशी. दहा-पंधरा मीटर लांबीचे प्लायवूडचे, रंगवलेले मैदान आणि चार महिने हलवावे लागणार नाही असा हॉल. परीक्षा आल्या, गॅदरिंग आले की मैदान उखडले जाते. पोरे व्हरांड्यात टेप चिकटवून भागवतात. मग स्पर्धेच्या दिवशी चाके खऱ्या रंगावर पहिल्यांदाच फिरतात नि घसरतात. सेन्सरला पांढरी रेषा तिथल्या दिव्यांखाली वेगळीच दिसते. याला कोणी ‘तयारी कमी पडली’ म्हणतात, ते मला पटत नाही.

खर्चाची मर्यादा मागण्यापेक्षा मी एक सामायिक मैदान मागेन. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या जळगावच्या आवारात ते होऊ शकते. धुळ्याचा संघ टेम्पोत यंत्र घालून सकाळी येईल, संध्याकाळी परतेल. पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, आणि ज्या कॉलेजकडे स्वतःचे मैदान आहे त्याचा नंबर शेवटी लावावा.