घर वाचते, भाडे मात्र साठत जाते

कोरोनाच्या साथीत भाडे थकले म्हणून माणसांना घराबाहेर काढले, तर ती नातेवाइकांच्या भरल्या घरांत किंवा निवारा केंद्रांत जातील आणि संसर्ग वाढेल. हे टाळण्यासाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) ४ सप्टेंबर २०२० पासून थकबाकीपोटी घर खाली करून घेण्यावर देशभर तात्पुरती बंदी घातली. मुदत वाढत वाढत ती जुलै २०२१ अखेरपर्यंत चालली.

संरक्षण आपोआप नव्हते

उत्पन्न घटले आहे, सरकारी मदतीसाठी प्रयत्न केले आहेत आणि जमेल तेवढे भाडे देत राहीन, असे प्रतिज्ञापत्र भाडेकरूने घरमालकाला द्यायचे होते. घराची नासधूस केल्यास किंवा कराराच्या इतर अटी मोडल्यास घर सोडावे लागू शकत होते.

भाडेकरूला मिळाला तो वेळ

भाडे माफ झाले नव्हते. उशिराचा दंड आणि व्याज लावायलाही आदेशाची आडकाठी नव्हती. महिना हजार डॉलर भाडे असलेल्याने दहा महिने काहीच दिले नाही, तर बंदी उठेल त्या दिवशी त्याच्या डोक्यावर दहा हजार डॉलर उभे. तरीही आजारपणात डोक्यावर छप्पर राहिले, हे मोल मी कमी लेखणार नाही.

घरमालकाचे हप्ते चालूच

एक-दोन घरांच्या भाड्यावर जगणाऱ्यांची खरी कोंडी झाली. सरकारी पाठबळ असलेल्या गृहकर्जांचे हप्ते पुढे ढकलण्याची सोय होती. पण मालमत्ता कर, विमा, दुरुस्ती यांचा खर्च थांबला नाही. सार्वजनिक आरोग्याचा भार अशा खासगी खिशांवर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

यावर उपायही ठरला होता. भाडे मदतीसाठी संसदेने दोन टप्प्यांत सुमारे ४६.५ अब्ज डॉलर मंजूर केले. ते राज्ये आणि स्थानिक यंत्रणांमार्फत वाटायचे होते. अनेक ठिकाणी ही यंत्रणाच नव्याने उभी करावी लागली. जुलै २०२१ अखेर वाटप झाले होते जेमतेम ५.१ अब्जांचे. ऑगस्टमध्ये, संसर्ग जास्त असलेल्या भागांपुरता बंदीचा नवा आदेश निघाला. तो २६ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने रोखला: अशी बंदी हवी असेल, तर संसदेने तसा स्पष्ट अधिकार द्यायला हवा. पैसा पोहोचण्याआधीच ढाल गेली.

महाराष्ट्रात काय झाले

१७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि या काळात भाडे थकले म्हणून कोणाला घराबाहेर काढू नये, अशा सूचना घरमालकांना दिल्या. त्यांच्या बुडणाऱ्या उत्पन्नाची सोय त्यात नव्हती.

अशी सवलत पुन्हा कधी मिळाली, तर भाडेकरूंनी गप्प बसू नये. थकबाकी किती हप्त्यांत फेडणार हे दोघांनी लगेच लेखी ठरवावे आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपून ठेवावी.