या वयात शिकणे आणि मुलांचे काय?

काशीला पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आले, की जवळच्या अरुंद गल्ल्यांत मंगलागौरीचे देऊळ आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि हा परिसर म्हणजे काशीतील जुनी महाराष्ट्रीय वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या घरांत दाराबाहेर हिंदी आणि स्वयंपाकघरात मराठी असा रिवाज चालत आलेला आहे. आपल्याकडील नवविवाहिता लग्नानंतरची पाच वर्षे श्रावणातील मंगळवारी जिची पूजा मांडतात, त्या देवतेचेच नाव या मोहल्ल्याला मिळाले आहे.

या मोहल्ल्यातील एक गृहिणी आपण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू या. वय ३२, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. सासऱ्यांच्या दीर्घ आजारात तिने त्यांची शुश्रूषा केली आणि त्या दिवसांत तिच्या मनाने घेतले, की हेच काम आपण रीतसर शिकावे. बारावीपर्यंतचे शिक्षण झालेलेच आहे. ती घरात विषय काढते, तेव्हा तिला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, ‘या वयात?’ आणि दुसरा, ‘मुलांचे काय?’ हे प्रश्न बहुधा एका दमात विचारले जातात. म्हणून ते एकच आहेत असे वाटते. माझे म्हणणे असे, की पहिला प्रश्न पोकळ आहे आणि दुसरा खरा आहे. ज्या घराला हा भेद समजला, त्या घरातील बाई परिचारिका होण्याची शक्यता पुष्कळच वाढते.

प्रथम वयाचा प्रश्न घेऊ. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून परिचर्येची शाळा निघाली. आधुनिक परिचर्याशिक्षणाचा आरंभ तेथून मानतात. त्या शाळेच्या नियमांत उमेदवार स्त्रीचे इष्ट वय २५ ते ३५ असे सांगितले होते. आज ज्या वयाला आपण ‘उशीर झाला’ म्हणतो, तेच वय त्या काळी योग्य वाटले होते. कारण वेदना, मरण आणि परक्या माणसाचे परावलंबन पाहून न डगमगणारे मन सतराव्या वर्षी सहसा तयार झालेले नसते. मात्र त्याच नियमांत दुसरीही अट होती. उमेदवार अविवाहित किंवा विधवा असावी. म्हणजे आड येत होता तो संसार, वय नव्हे.

आपल्याकडेही हेच दिसते. बालपणीच वैधव्य आलेल्या गोदूबाई जोशी विशी उलटल्यावर पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकावयास गेल्या. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह होऊन त्या आनंदीबाई कर्वे झाल्या आणि विवाहानंतर नागपूरला जाऊन त्यांनी सुइणीचे शिक्षण घेतले. संसारात पडल्यावर धंदेशिक्षण घेणाऱ्या मराठी स्त्रियांची परंपरा एवढी जुनी आहे.

परंतु एकट्या स्त्रीचे धैर्य पुरेसे नसते, हे ओळखण्याचे श्रेय पुण्याच्या सेवासदनाला दिले पाहिजे. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नांनी ही संस्था उभी राहिली आणि पुढे तिने ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी स्त्रिया पाठविल्या. घरातील आजाऱ्याची सेवा हे पुण्य, पण परक्या जातीच्या रोग्याची वेतन घेऊन केलेली सेवा हा कमीपणा, असे मानणारा तो समाज होता. सेवासदनाने केवळ व्याख्याने देऊन हा समज घालविला नाही. राहण्याची सोय, जेवणाची सोय आणि रमाबाईंसारख्या मान्यवर स्त्रीचा आधार एवढे सर्व त्या विद्यार्थिनींच्या मागे उभे केले. आधी व्यवस्था आणि मग शिक्षण, हा तो क्रम होता.

आजच्या गृहिणीलाही हाच क्रम लागू पडतो. आता नियम काय आहेत ते पाहू. सध्या जीएनएम हा पदविका अभ्यासक्रम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग हा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि एएनएम हा दोन वर्षांचा आहे. प्रवेशाचे किमान वय १७ आणि कमाल वय सर्वसाधारणपणे ३५ असते. पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय लागतात; इतर शाखांतून आलेल्यांस जीएनएमचा मार्ग मोकळा असतो, आणि जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचा पुढील अभ्यास करून पदवीही मिळविता येते. तेव्हा आपल्या या गृहिणीजवळ वेळ आहे, पण फार वेळ नाही. प्रवेशाचे त्या वर्षीचे माहितीपत्रक तिने स्वतः वाचावे. शेजारणीच्या सांगण्यावर विसंबू नये.

प्रवेश मिळाल्यानंतरचा सर्वांत कठोर नियम हजेरीचा आहे. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते, आणि पदविका किंवा पदवी हाती पडण्यापूर्वी रुग्णालयातील प्रत्यक्ष काम मात्र १०० टक्के पुरे करावे लागते. चुकलेला प्रत्येक दिवस नंतर भरून द्यावाच लागतो. आता खऱ्या प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येईल. मूल वर्षातून काही वेळा तापणारच, शाळेला अवचित सुटी मिळणारच, गंगेला पूर आला म्हणजे गल्लीतून बाहेर पडणे कठीण होणारच. अशा प्रत्येक वेळी घरी राहावयाचे ते आईनेच, असे ठरलेले असेल, तर ती बुद्धीने कितीही तल्लख असली तरी मागे पडेल. म्हणून मुलांसाठी एकच माणूस नेमून भागत नाही. पहिला माणूस अडला तर दुसरा कोण, आणि दुसराही अडला तर तिसरा कोण, हे आधीच ठरलेले असावे. आजी, वडील, समोरच्या घरातील काकू अशी ती साखळी असेल.

रात्रपाळीचा विचार असाच करावा. रात्रभर जागून आलेली बाई दिवसा घरी दिसते, म्हणून ती मोकळी आहे असे घराला वाटते, आणि पोळ्या, पाहुणे, मुलांचा गृहपाठ तिच्याकडे येतो. ही झोप म्हणजे आळस नव्हे, ती तिच्या कामाचाच भाग आहे. अपुऱ्या झोपेने होणारी चूक स्वयंपाकात झाली तर आमटी खारट होते; औषधात झाली तर तिची भरपाई होत नाही.

अभ्यासाचे काय? शरीररचनेची लांबलचक नावे पाहून पंधरा वर्षांनी पुस्तक उघडणाऱ्या बाईच्या पोटात गोळा येतो. येथे मंगलागौरीच्याच परिसरातील एक उदाहरण उपयोगी पडेल. जवळच्या बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँ साहेबांनी लहानपणापासून सनईचा रियाज केला. रियाज म्हणजे एका रात्रीची धावपळ नव्हे. थोडे, पण रोज. अभ्यासाचेही तसेच आहे. दिवसाकाठी तीन वेळा वीस-वीस मिनिटे, पुस्तक मिटून, काय आठवते ते मोठ्याने सांगावे. ऐकणारे कोणी नसेल, तर नऊ वर्षांच्या मुलीला हृदयाचे चार कप्पे समजावून सांगावेत. तिला जे समजले, ते आईला पक्के झाले असे समजावे.

औषधाच्या गणिताची भीती तर अगदीच अनाठायी आहे. पाच मिलिलिटर औषधात १२५ मिलिग्रॅम द्रव्य आहे आणि रोग्याला २५० मिलिग्रॅम द्यावयाचे आहे. तर १० मिलिलिटर द्यावे. चौघांच्या अंदाजाने केलेली खीर आठजणांसाठी वाढविणारीला हे त्रैराशिक नवीन नाही. फरक एवढाच, की येथे अंदाज चालत नाही. लिहावे, पुन्हा मोजावे आणि दुसऱ्याकडून तपासून घ्यावे.

अंदाजाच्या या सवयीत वयस्क विद्यार्थिनीचा एक सूक्ष्म धोका आहे. तिने मुले वाढविली आहेत. रोग्याच्या चेहऱ्यावरून त्याची अस्वस्थता तिला लवकर कळते. हे तिचे धन. पण काही गोष्टी तिला चुकीच्याही ठाऊक असतात. मुलाला जुलाब होऊ लागले की खाणे-पिणे बंद करावे, अशी समजूत अनेक घरांत आहे. शास्त्र नेमके उलट सांगते. जलसंजीवनी द्यावी, अंगावरचे दूध चालू ठेवावे, आहार तोडू नये. जी आई ‘आमच्याकडे तर असेच करतात’ हे वाक्य रुग्णालयाच्या दारात ठेवून आत जाईल, तिला शिकणे सोपे पडेल. शिकविणारी सिस्टर कदाचित तिच्याहून दहा वर्षांनी लहान असेल. तिला ‘सिस्टर’ म्हणताना मनाला मुरड घालावी लागेल. परंतु विद्येच्या ठिकाणी मान वयाचा नसून जाणतेपणाचा असतो.

मुलांचे नुकसान होते का? काही प्रमाणात होते, हे कबूल केले पाहिजे. शाळेच्या एखाद्या कार्यक्रमाला आई नसेल, एखाद्या रात्री धाकटा तिच्यावाचून रडत झोपेल. ते दुःख खोटे ठरवून चालणार नाही. त्याला उपाय एकच. आई केव्हा येणार ते मुलांना खरे सांगावे, आणि सांगितलेली वेळ पाळावी. आईच्या अनुपस्थितीपेक्षा अनिश्चितता मुलांना अधिक भिववते. पाळीचे वेळापत्रक भिंतीवर टांगून त्यावर मुलीलाच रोज खूण करू द्यावी.

तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी या गृहिणीने एक परीक्षा घ्यावी, आणि तीही स्वतःची नव्हे. एका संध्याकाळी घरातील सर्वांना एकत्र बसवून कागदावर सोमवारपासून रविवारपर्यंतचे रकाने आखावेत. सकाळचा डबा कोण करील, मुलाला शाळेतून कोण आणील, ताप आला तर कोण थांबेल, रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाक कोणाचा, हे प्रत्येक रकान्यात नाव घालून लिहावे. सर्व रकान्यांत तिचेच नाव आले, तर अडचण तिच्या वयाची नाही, घराची आहे, हे सर्वांना दिसेल. आणि त्या कागदावर पतीचे, सासूबाईंचे, थोरल्या लेकीचेही नाव उमटले, तर तिने निःशंक मनाने अर्ज भरावा.